शाहूपुरीचा १९०१ ते १९२१ मधला मृत्युदर कसा काढायचा?

करवीरकर: कोल्हापुरातली शाहूपुरी वसली १८९५ ला, प्लेग मुंबईत आला १८९६ ला. या नव्या पेठेचा मृत्युदर काढतोय. मृत्यूनोंदींच्या नकला आणि तीन खानेसुमाऱ्यांचे (जनगणनांचे) आकडे हाताशी आहेत, पण दर वर्षागणिक भयंकर वरखाली होतो. कुठं चुकतंय?

जुनी_मोडी: आधी वर्ष कुठलं धरलंय ते बघा. नोंद फसली सनात (जूनपासून सुरू होणारं महसुली वर्ष) असेल तर इसवी सन काढायला जून ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारी ते मेसाठी ५९१ मिळवा. फसली १३११ म्हणजे १९०१-०२. दख्खनेत प्लेग पावसाळ्यात डोकं वर काढी आणि उन्हाळा लागला की ओसरे. इंग्रजी वर्ष धरलं की एकच साथ दोन वर्षांत चिरली जाते. प्लेगसाठी फसलीच बरं.

भागायला वर्षाच्या मध्याची लोकसंख्या लागते. खानेसुमारी १ मार्च १९०१ आणि १० मार्च १९११ ची. समजा १२०० चे १८०० झाले, तर वर्षाला ६०. १९०६ च्या जुलैला सुमारे १५२०. मात्र प्लेगात लोक रानात झोपड्या घालून राहत, तेव्हा हा सरळ हिशेब फसतो.

आकडेमोड: पेठ लहान आहे हेही विसरू नका. १५०० वस्तीत ६० मृत्यू म्हणजे हजारी ४०. पण ६० चं वर्गमूळ पावणेआठ, त्याची दुप्पट साडेपंधरा. म्हणजे साथ नसतानाही ४५ ते ७५ मृत्यू निव्वळ योगायोगानं होऊ शकतात. पाच वर्षांची सरासरी काढा, साथीची वर्षं वेगळी ठेवून.

जुनी_मोडी: आणि थोरल्या दवाखान्यातले, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळातले मृत्यू! ते दवाखान्याच्या पत्त्यावर चढले असतील तर राहत्या पेठेत परत आणायला हवेत.

करवीरकर: कारणांत ‘ताप’च जास्त दिसतोय. हिवताप धरू का?

आकडेमोड: अजिबात नको. त्या रकान्यात हिवताप, विषमज्वर, न ओळखलेला प्लेग, सगळंच जाई. ऑक्टोबर १९१८ मध्ये ‘ताप’ एकदम चढला असेल तर तो इन्फ्लुएंझा. श्वसनविकाराचा रकानाही सोबत तपासा. महिनावार मांडलंत तरच हे दिसेल.

बालमृत्यूंना मात्र लोकसंख्येनं नाही, त्या वर्षीच्या जन्मांनी भागा. १०० मुलींमागं मुलगे १०५ च्या फार वर गेले, तर मुलींचे जन्म नोंदायचे राहिलेत असं समजा. मग बालमृत्युदर फुगलेला येणारच.