फौजेत पाठवलेले डबे : तुमचे अनुभव सांगा

कोरेगावकरीण
काल आईचं शिवणयंत्र विकायला काढलं आणि ड्रॉवरमध्ये दाभण सापडलं, नेढ्यात जाड पांढरा दोरा अजून ओवलेला. बघितल्याबरोबर १९९९ आठवलं. कारगिल चालू होतं, मी सातवीत. शेजारच्या काकूंचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत, तर आळीतल्या बायकांनी ठरवलं की त्याच्या तुकडीतल्या सगळ्या पोरांना खाऊ पाठवायचा. शेंगदाण्याचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी. तुपाचा पत्र्याचा मोठा डबा, त्यावर मांजरपाटाची खोळ, दाभणानं टाके आणि टाक्यांवर लाख. आई मेणबत्तीवर लाख वितळवत होती ती बोटावरच सांडली, तो डाग शेवटपर्यंत होता. पत्ता मी घातला, माझं अक्षर बरं म्हणून. नंबर, रँक, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. गावच नाही! पोस्टातल्या काकांना तीनदा विचारलं, हे पोचणार कसं. गणपतीत पत्र आलं : "काकू, लाडू फोडावे लागले नाहीत, वाटेतच फुटले. चमच्यानं खाल्ले. चटणी शेजारच्या गढवाल्यांनी पळवली."
तुमच्याकडून असं काही गेलंय का? लिहा.

पुसेगावचा_पैलवान
दाभण आमच्यात रोज लागतं, पोती शिवायला 😄

मिरजेची_सून
सासूबाईंनी ६२ ला स्वेटर विणलेले. यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, मग काय, आपला माणूस गेलाय म्हणून सगळ्या बायका सुया घेऊन बसल्या. सासूबाईंच्या एका स्वेटरची एक बाही चांगली वीतभर लांब झाली आणि उसवायला वेळ नव्हता म्हणून तसाच दिला. नंतर थंडी पडली की दरवर्षी म्हणायच्या, कोणाच्या अंगात गेला असेल गं तो, बिचारा एक हात दुमडून बसला असेल. कुकर झाला, येते

रिटायर्ड_हवालदार
१७ वर्षं नोकरी केली म्हणून सांगतो. ५६ एपीओची डाक दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जाते, ९९ ची कोलकात्याला. कुठलं युनिट कुठं आहे ते त्यांना माहीत असतं. गाव लिहीत नाहीत कारण युनिट कुठं हाललं ते बाहेर कळू नये. लेहकडं होतो तेव्हा थंडीत जोझीला खिंड बंद, डाक विमानानं, ती पण हवामान असेल तशी. एका वर्षी दिवाळीचा फराळ संक्रांतीला मिळाला आणि तिळगूळ शिमग्याला. चकली दातानं तुटेना, चहात बुडवून खाल्ली.
पण खरं सांगू का, डबा उघडला की आम्ही आधी कागद काढायचो. घरची माणसं चकल्या पेपरात गुंडाळायची ना, तो तेलानं आरपार दिसणारा कागद. त्यावर उसाचा दर, कुठल्या तरी वाडीच्या जत्रेतल्या कुस्त्या, खिलार बैलजोडी विकणे आहे. ते वाचायला नंबर लागायचे. एकदा एका गोष्टीचं अर्धंच पान आलं, पुढचं नाही. शेवट काय झाला असेल त्यावर महिनाभर भांडण.
आणि खोबरेल पाठवू नका, दगड होतो.

तासगावची_द्राक्षे
हवालदारसाहेब 🙏 डोळ्यात पाणी आलं आणि हसू पण
आमच्यातनं भडंग गेलं होतं. पोचेपर्यंत सादळून कापूस

जयसिंगपूर_लोकल
सांगलीचं असणार. आमचं सादळत नाही

तासगावची_द्राक्षे
सुरू झालं यांचं!! भडंगाचा वेगळा धागा काढा

मंडळाचा_कार्यकर्ता
कडू अनुभव सांगू का. आमच्या मंडळानं राख्या, बिस्किटं, मोजे असं चाळीस खोकी गोळा करून एका संस्थेकडे दिलं, ते म्हणाले आम्ही पोचवतो. मिरवणूक निघाली, बॅनर लागले, बॅनरवर जवान एवढासा आणि अध्यक्ष केवढे. दिवाळीत खुर्च्या आणायला त्यांच्या गोडाऊनला गेलो तर बावीस खोकी तिथंच, राख्या उंदरांनी कुरतडलेल्या. तवापासनं ओळखीचा फौजी असल तरच, त्याच्या नावानं, पोस्टानं. दुसरं काय नाही.

मिरजेची_सून
बाई गं. पोरींनी राख्या केल्या असतील हातानं

अपशिंगे_माहेर
आमच्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत, तो स्तंभ लहानपणापासनं बघतोय. त्यामुळं समाजसेवा वगैरे आमच्यात कोण म्हणत नाही, प्रत्येक घरातनं डबा जातोच. दोन भाऊ दोन पलटणीत, तर आई एकाच परातीत चिवडा करायची आणि मापट्यानं वाटणी. धाकट्याला एक मापटं जास्त. थोरल्यानं रिटायर झाल्यावर भर जेवणाच्या पंगतीत तो हिशोब काढला!

सांगलीवाडी_पूर
माझा उलटा अनुभव. २०१९, सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी, आम्ही गच्चीवर. मिलिटरीची बोट आली. १५ ऑगस्टलाच राखी पौर्णिमा होती. आम्ही तोवर कॅम्पात, राखी कुठनं आणणार, पुतणीनं ओढणीची कड फाडून बांधली. त्या जवानानं खिशातनं बिस्किटाचा पुडा काढून तिला दिला, ओवाळणी म्हणून. बिहारचा होता. नाव विचारायचं राहिलं.

फौजीची_बायको
आमचे हे आत्ता पूर्वेकडं आहेत. फोनवर म्हणतात काही पाठवू नको, कॅन्टीनला सगळं मिळतं. मग फोन ठेवता ठेवता, "तेवढी कारळ्याची चटणी असली तर बघ." दर वेळी. आता मी आधीच वाटून ठेवते. पोरगं उठलं, नंतर वाचते

कोरेगावकरीण
@फौजीची_बायको डब्यात पेपर घाला हो, हवालदारसाहेबांचं ऐकून 😊 गोष्ट असली तर पूर्ण घाला.
यंत्र गेलं अकराशेला. दाभण ठेवलं.

पुसेगावचा_पैलवान
हवालदारसाहेब त्या गोष्टीचा शेवट काय ठरला शेवटी

रिटायर्ड_हवालदार
रोज वेगळा. शेवटी कंटाळून नायिकेचं लग्न आमच्या लंगरच्या कुकशी लावून टाकलं. तो दोन दिवस भाजीत मीठ विसरला.