पाणी वाढलं की लेकाचं पोट दुखतं

प्रश्न (भिलवडी):
2021 च्या महापुरात रातोरात घर सोडलं, तेव्हा लेक चार वर्षांचा होता. अजूनही कृष्णेचं पाणी वाढल्याची बातमी लागली की पोट दुखतं म्हणतो, अंथरूण ओलं करतो, दप्तरात कपडे कोंबून ठेवतो. डॉक्टरांनी पोट, लघवी सगळं तपासलं, काही निघालं नाही. सासूबाई म्हणतात दृष्ट काढा. काय करू?

उत्तर (सांगली, प्राथमिक शिक्षिका):
ताई, रागवू नका, कुणाला चिडवू देऊ नका. एवढ्या पोरांना भीती शब्दांत सांगता येत नाही, ती अशी अंगावर निघते. त्याच्यासमोर बातम्या बंद. दप्तर मात्र रिकामं करू नका. सोबत बसून भरा, पाणी आलं तर कुठं जायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा. वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला. माझ्या वर्गात पावसाचं चित्र काढायला सांगितलं, तर कित्येकांनी पत्र्यावर बसलेली माणसं काढली. हे तुमच्या एकट्या घरचं नाही, नदीकाठच्या प्रत्येक गावानं मनावर घ्यायला हवं.

उत्तर (मिरज):
14416 ला फोन लावा. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. दृष्ट काढायची तर काढा, पण फोन टाळू नका.