शब्द हवा आहे: अस्वल, नेम आणि काळीज

टीपकागद
अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या काळ्या अस्वलांच्या शिकारीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. गोळी कुठे लागली तर जनावर तडफडत न राहता चटकन मरतं, यावर लेखकानं बरंच लिहिलंय. अस्वल पूर्ण आडवं उभं असेल, किंवा तिरकं उभं राहून त्याचं तोंड आपल्यापासून लांब वळलेलं असेल, तरच मारायचं. समोरून नाही, डोक्यावर तर नाहीच. या तिरक्या उभं राहण्याला तिकडे 'क्वार्टरिंग अवे' म्हणतात. 'तिरकं पाठमोरं' कसं वाटतं? माझं वाक्य: 'अस्वल तिरकं पाठमोरं झालं आणि जवळचा पुढचा पाय त्यानं पुढे टाकला, की पलीकडच्या खांद्याच्या रोखानं नेम धरावा, गोळी काळीज आणि फुप्फुसं भेदून जाते.'

गोदाकाठ
'तिरकं पाठमोरं' चालेल, पण 'काळीज' अजिबात नको. मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागा, काय मिळतं? यकृत. हृदयाला तिथे 'दिल' म्हणतात.

पानझड
मग 'काळजाचा ठोका चुकला' कसं म्हणता? यकृताला ठोके असतात का? 'काळजात धस्स झालं' म्हणताना आमच्या घरच्या सगळ्या बायका छातीवर हात ठेवायच्या, पोटावर नाही. भाषा दुकानात ठरत नाही.

गोदाकाठ
दुकानातच जुना अर्थ टिकलाय, ताई. अमरकोशात यकृताला 'कालखण्ड' म्हटलंय, संस्कृतात 'कालेय' म्हणजेही यकृतच. काळसर मांसाचा तुकडा, म्हणून काळीज. छातीत ते कवींनी नेलं.

मेपलवाट
मी ऑन्टारिओत राहतो, इथे अस्वलाच्या शिकारीला रीतसर परवाना मिळतो आणि मी ती केलेली आहे, म्हणून कळकळीनं सांगतो, हा वाद नुसता शब्दांचा नाही. हृदय आणि फुप्फुसं श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या, पुढे असतात, यकृत मागे. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेली तर अस्वल थोडंसं पळून कोसळतं. यकृतात लागली तर ते दाट झाडीत निघून जातं आणि कित्येक तास जिवंत राहतं. त्यात शरद ऋतूत अंगावर चरबीचा जाड थर आणि लांब केस असतात. जखमेतून आलेलं रक्त त्यातच मुरतं, जमिनीवर थेंब सापडत नाहीत. मग माग लागत नाही. त्या केसांमुळे खांदा कुठे संपतो तेही दिसत नाही, म्हणून तर पाय पुढे पडायची वाट बघायची. कृपा करून 'हृदय' लिहा.

शुद्धमती
'हृदय' ठीक. पण सगळ्यासाठी मिळून 'वर्म' हा शब्द आपल्याकडे आहेच की! 'वर्मी नेम धरावा.' दोन शब्दांत काम झालं.

गोदाकाठ
संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत. बरोब्बर उलटा अर्थ.

शुद्धमती
मराठीतलं वर्म 'मर्म'वरून आलंय, त्या चिलखताशी त्याचा संबंध नाही. 'वर्मावर बोट ठेवलं' म्हणताना तुम्हाला चिलखत आठवतं का?

वऱ्हाडवारा
आमच्याकडे मेळघाटाच्या बाजूला जुनी माणसं 'जिव्हारी लागलं' म्हणत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधीच्या शिकारींच्या गोष्टी आजोबा सांगायचे तेव्हा हाच शब्द यायचा. आता जिव्हारी फक्त बोलणं लागतं. हा शब्द परत आणाच. आणि लेखात 'काळं अस्वल' एवढंच लिहू नका. आपलंही अस्वल काळंच असतं, मोहफुलं वेचणाऱ्यांना भल्या पहाटे गाठ पडतं ते. तिकडचं वेगळं. त्यातली काही तर तपकिरी असतात. 'अमेरिकी काळं अस्वल' असं पूर्ण लिहा.

टीपकागद
'हृदय' आणि 'अमेरिकी' दोन्ही मान्य. 'जिव्हारी' खरंच फार आवडला, पण त्यातून जागा कळत नाही. आडव्या उभ्या अस्वलासाठी 'फऱ्याच्या लगेच मागे नेम' असं लिहिलंय, ते तरी बरोबर ना?

पानझड
बरोबर. फरा म्हणजे खांद्याचं पातं.

वऱ्हाडवारा
थांबा! आमच्याकडे फरा म्हणजे मागची मांडी. गुरांना 'फऱ्या' रोग होतो, पावसाळ्याआधी त्याची लस टोचतात, त्यात सूज बहुतेक वेळा मागच्या पायावरच येते. जनावर लंगडतं म्हणून त्याला 'एकटांग्या'ही म्हणतात.

पानझड
सूज खांद्यावरही येते. आमच्या गोठ्यात मी पाहिलीय.

गोदाकाठ
खाटीक 'पुढचा फरा' आणि 'मागचा फरा' असे दोन्ही म्हणतो. नुसता फरा कुणी म्हणत नाही.

शुद्धमती
पुन्हा खाटीक! प्रमाण मराठीत 'स्कंधास्थी' आहे.

मेपलवाट
'स्कंधास्थी' वाचून बंदूक कोण रोखणार? 'पुढच्या पायाच्या मागे' लिहा.

वऱ्हाडवारा
पुढच्या पायाच्या मागे किती वर, ते कुठे सांगितलंत?