बकऱ्यांवर औषध चालेना म्हणून पोरांची गोळी बंद?

कापूसकोंड्या: काल कोणीतरी टाकलं, "जंतांवर अल्बेंडाझोल चालतच नाही, शाळेतली गोळी पोरांना देऊ नका." अरे बाप्पा! २०१५ पासून १ ते १९ वर्षांच्या पोरांना शाळा-अंगणवाडीत गोळी देऊन राहिले अन् हा एका वाक्यात बंद करायला निघाला. बकरीच्या पोटातला जंत वेगळा, माणसाचा वेगळा.

बकरीवाला: मीच टाकलं. वर्षभर औषध पाजून राहिलो, तरी बकऱ्यांचे डोळे पांढरेफट, दोन पाटी मेल्या. औषध तेच ना? मग पोट्ट्याच्या पोटात कसं चालते सांग.

आशाताईचा_पोरगा: वजन करून पाजता का झाकणानं?

बकरीवाला: काटा तू आणून देतं का? जनावराच्या दवाखान्याले कुलूप, कृषी केंद्रवाला म्हणते तेवढं पाजतो.

लॅबवाली: तिथंच घोळ आहे भाऊ. अंदाजे कमी डोस, तोही अख्ख्या कळपाला, घडीघडी. कमजोर जंत मरतात, औषध पचवणारे उरतात अन् त्यांचीच पिलावळ वाढते. औषध जंताच्या ज्या प्रथिनाला चिकटते, बीटा ट्यूब्युलिन, त्यातच बदल झाला की पकड सुटली. म्हणून पापणी ओढून पाहायची, फिकी दिसली तिलाच पाजायचं. बाकीच्यांच्या पोटात औषधानं मरणारे साधे जंत राहू द्यायचे, म्हणजे औषध पचवणाऱ्यांचंच राज्य होत नाही.

बकरीवाला: म्हणजे आता जंतही पाळायचे. वा मॅडम.

तुरीची_डाळ: गोळीवरून काय भांडता, गावातले संडास पाहा! पऱ्हाट्या भरल्या आहेत त्यात. पहाटे सगळे नाल्याकडे, मग बाया तिथूनच अनवाणी निंदायला, अन् हूकवर्म, तो रक्त पिणारा जंत, तर पायाच्या कातडीतूनच शिरतो.

कापूसकोंड्या: पाणी कुठं आहे संडासात टाकायला? उन्हाळ्यात प्यायला टँकर, अन् तू ज्ञान पाजळतो.

तुरीची_डाळ: टँकर आमच्याकडेही येते, आम्ही वापरतोच ना. तुमच्या गावाले अनुदान पाहिजे, संडास नको.

कापूसकोंड्या: गावावर जाऊ नको!! अनुदान कोणाच्या खिशात गेलं ते काढू का इथं?

लॅबवाली: काढा, पण वेगळ्या धाग्यावर. शाळेची गोळी फक्त पोरांना असते, मोठ्यांच्या पोटातले अन् मातीतले जंत औषधाबाहेरच राहतात, म्हणून कळपासारखं औषध इथं लवकर निकामी होत नाही. व्हिपवर्म नावाच्या जंतावर तर एक गोळी पहिल्यापासूनच कमजोर, त्याला रेझिस्टन्स, म्हणजे जंत औषधाला सरावले, असं म्हणू नका. मला काळजी आहे ती हत्तीपायाच्या मोहिमेची. त्यात घरोघर मोठ्यांनाही अल्बेंडाझोल जाते, डीईसी या हत्तीपायाच्या औषधासोबत, नागपूरकडे २०१९ ला आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषधही जोडलं. मोहीम पाहिजेच, पण सोबत तपासणीही पाहिजे.

आशाताईचा_पोरगा: घरोघर जाते माही माय. समोर गिळा म्हटलं की लोक खिशात टाकतात. रक्तातले जंतू मेले की एखाद्याले ताप येते, मग शिव्या कोणाले? आशाले. मानधनाचं तर बोलूच नका.

बकरीवाला: बरं बाप्पा, देतो पोट्ट्याले गोळी. पण गोळी दिल्यावर शौच तपासायला डबी घेऊन कोणी आलं का तुमच्या गावात? आलं असंल तर सांगा, पोस्ट डिलीट करतो.

लॅबवाली: आमच्या गावात तरी नाही आलं.

बकरीवाला: मग राहू द्या.

तुरीची_डाळ: कापूसकोंड्या, अनुदानाचं काय झालं? काढ ना आता.