शेकोटीचा धूर आणि वॉचमनची खोली : आमच्या बेळगावच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव (बी-२०२) :
सर्व सभासदांना नमस्कार. काल रात्री साडेअकराच्या सुमारास ए-१०१ मधील काकांना धुरामुळे दम लागला आणि त्यांच्या सूनबाईंना १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी लागली. काका आज दुपारी घरी परतले असून त्यांची प्रकृती स्थिर आहे. धूर आपल्याच फाटकाजवळच्या शेकोटीचा होता. शेकोटीत वाळका पाला आणि खोकी तर होतीच, पण सांगताना संकोच वाटतो, आपल्याच इमारतीच्या कचऱ्यातील प्लॅस्टिकच्या पिशव्याही जळत होत्या. सकाळपासून ग्रुपवर ‘शेकोटी ताबडतोब बंद करा’ असे संदेश येत आहेत. शेकोटी आज रात्रीपासून बंद राहील, याबद्दल दुमत नाही. मात्र ती बंद केल्यावर डिसेंबरच्या थंडीत वॉचमनने रात्र कशी काढावी, याचे उत्तर त्या संदेशांपैकी एकातही नाही. त्यावर प्रत्येकाने विचार करून लिहावे, ही विनंती.

ए-३०४ :
उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने असा कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला होता. उद्या महापालिकेचे आरोग्य निरीक्षक आले तर ही रक्कम वॉचमनच्या पगारातून कापायची की सोसायटीच्या खात्यातून भरायची, हे आधी ठरवावे.

बी-१०३ :
रक्कम कोणी भरायची हे ठरवण्याआधी प्लॅस्टिक त्याच्या हाताशी आले कसे, हेही विचारू या. सुका कचरा वेगळा करून गाडीत देण्याऐवजी आपल्यापैकी किमान चार घरे तो बांधून जिन्याखाली ठेवतात. सकाळी गाडी निघून गेली की तो तिथेच राहतो आणि मग वॉचमन त्याची विल्हेवाट लावतो. तुरमुरीच्या कचरा प्रकल्पाकडे जायला हवे ते आपल्या फाटकापाशी जळते, त्यात दोष एकट्या वॉचमनचा कसा?

दुसरे असे की, त्याची खोली आपल्यापैकी किती जणांनी आतून पाहिली आहे? काल रात्रीच्या प्रकारानंतर मी मुद्दाम पाहून आले. तीन बाजूंना विटांची भिंत, वर पत्रा आणि चौथी बाजू पूर्ण उघडी. एप्रिल-मेमध्ये ती सोयीची असेल. पण आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि इथली पहाटेची थंडी काय असते हे फिरायला जाणाऱ्यांना सांगायला नको. तो सौंदत्ती तालुक्यातून आलेला आहे, त्याची पत्नी आणि चार वर्षांची मुलगी त्याच खोलीत राहतात. आपण तिला रोज ‘बाळ’ म्हणून हाक मारतो, पण ती रात्री कुठे झोपते हे मला कालपर्यंत माहीत नव्हते. मी स्वतःलाही त्यातून वगळत नाही.

बी-४०१ :
बाईंचे म्हणणे योग्य आहे. वैद्यकीय व्यवसायातील व्यक्ती म्हणून एक इशारा द्यावासा वाटतो. शेकोटी बंद केल्यावर कोणी तरी दयाबुद्धीने त्याला कोळशाची शेगडी देईल आणि थंडी आत येऊ नये म्हणून तो उघड्या बाजूस ताडपत्री लावून घेईल. हा प्रकार शेकोटीहून अधिक घातक आहे. कोळसा अपुऱ्या हवेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेत असलेल्या माणसाला काही कळण्याआधीच तो बेशुद्ध करतो. निखारे विझल्यासारखे दिसले तरी धोका संपत नाही. आपल्या इमारतीत ज्यांच्या न्हाणीघरात गॅस गिझर आहे त्यांनाही हेच लागू आहे. जुन्या घरांत बंब मागीलदारी का पेटवत असत, याचा विचार करावा. खिडकी बंद करून गॅस गिझरखाली वीस मिनिटे आंघोळ करणे धोक्याचे आहे, हे मुलांना घरी सांगून ठेवावे.

साध्या खोकल्या-तापासाठी प्रत्येक वेळी खाजगी दवाखाना गाठण्याची गरज नाही. कर्नाटक सरकारने डिसेंबर २०२२ पासून शहरांत नम्म क्लिनिक सुरू केली आहेत, तेथे तपासणी व औषधे मोफत मिळतात. वॉचमनच्या मुलीचा खोकला आठ दिवसांहून जुना आहे. तिला उद्याच तेथे न्यावे.

खजिनदार (ए-२०१) :
खोलीत विजेचा हीटर ठेवावा अशी सूचना मला काही सभासदांनी खाजगीत केली आहे. त्याचा हिशेब मांडतो. एक हजार वॅटचा हीटर रात्री आठ तास चालला तर आठ युनिट, म्हणजे महिन्याला २४० युनिट. ही वीज सामायिक मीटरवरून जाईल आणि मोफत विजेची गृहज्योती योजना घरगुती जोडणीसाठी असल्याने सामायिक मीटरला तिचा लाभ नाही. संपूर्ण बिल देखभाल वर्गणीतून भरावे लागेल. मी नकार देत नाही, पण हाच खर्च एकदाच करून खोलीची चौथी बाजू बंद केली, नीट दार आणि वर झरोका बसवला, खाली लाकडी खाट दिली, तर दर हिवाळ्याचा प्रश्न मिटेल.

सी-३०१ :
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमचे बिल गेल्या महिन्यापर्यंत शून्य येत होते, या महिन्यात एकदम पूर्ण बिल आले. हेस्कॉम या वीज कंपनीची चूक असावी का? १९१२ वर तक्रार करावी का?

खजिनदार (ए-२०१) :
वहिनी, तक्रारीपूर्वी युनिट तपासावेत. गृहज्योतीत दोनशे युनिट सरसकट मोफत नाहीत. २०२२-२३ मधील आपला मासिक सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढीच आपली मर्यादा. म्हणजे सरासरी १३० असेल तर मर्यादा १४३. त्याहून जास्त आणि दोनशेच्या आत वापर झाला तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे द्यावे लागतात, पण वापर दोनशेच्या पुढे गेला की संपूर्ण बिल आपल्यावर येते. दोन किलोवॅटचा गिझर एक तास चालला की दोन युनिट होतात. थंडीत घरातील चार माणसांसाठी तो रोज दोन तास चालत असेल, तर महिन्याला १२० युनिट एकट्या गिझरचे झाले. आपल्या गच्चीवरील सौर बंबाच्या टाकीत दुपारपर्यंत पाणी चांगले तापते. आंघोळी सकाळी सहाऐवजी सायंकाळी करणे ज्यांना जमेल त्यांनी ते करून पाहावे. आमच्या घरी या मुद्द्यावर दोन दिवस मतभेद चालू आहेत, तो भाग वेगळा.

ए-२०३ :
मी उद्यमबागेतील कारखान्यात दुसऱ्या पाळीत काम करतो आणि रात्री घरी येताना दुसऱ्या क्रमांकाच्या रेल्वे गेटवरून येतो. वॉचमनला निदान छप्पर तरी आहे. तेथील बंद दुकानांच्या पायऱ्यांवर रोज पाच-सहा माणसे पोती अंगावर घेऊन झोपलेली असतात, त्यांत एक वृद्ध बाई आहेत. त्यांच्यासाठी महापालिकेची काही सोय असते का? मी एकदा चौकशीसाठी एका कार्यालयात गेलो होतो, पण तेथील कर्मचाऱ्याने ‘लेखी आणा, तेही कन्नडमध्येच आणा’ असे सांगून परत पाठवले. मला कन्नड बोलता येते, परंतु अर्ज लिहिण्याइतके येत नाही, म्हणून तो विषय तेथेच राहिला.

बी-३०२ :
कोर्टातील नोकरीत माझी तीस वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सोय असते, आणि ती मेहेरबानी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांतील बेघरांसाठी रात्रंदिवस चालणारे निवारे उभारण्यास सांगितले होते आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याचे प्रमाण दिलेले होते. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या जवळ होती. प्रमाण लावून पाहिले तर सुमारे पाचशे माणसांची सोय असायला हवी. आज प्रत्यक्षात किती जागा आहेत आणि त्यांपैकी किती रिकाम्या आहेत, हे आपण माहिती अधिकाराखाली विचारू.

भाषेबद्दल सांगायचे तर, संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. मराठी अर्ज परत करता येत नाही. मात्र अर्ज स्वीकारून त्याचे उत्तर मराठीतच द्यावे, असे हा अनुच्छेद म्हणत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. माझा अनुभव असा की मूळ अर्ज मराठीत, सोबत कन्नड प्रत, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच, या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की टेबलापलीकडचा माणूस वाद घालत नाही. सीमाभागात राहणाऱ्याने भाषेचा हक्क सांगताना काम अडू देऊ नये, आणि काम करून घेताना हक्क सोडू नये. एवढे साधायला कन्नड प्रतीचे दोन कागद जास्त लागतात, तेवढे लागू देत. कन्नड प्रत लिहून देण्यास सी-१०२ मधील प्राध्यापक तयार आहेत, त्यांच्याशी मी बोललो.

ए-३०४ :
आपला विषय वॉचमनचा होता. आता शहरातील बेघरही आपणच सांभाळायचे का? मी वाईट हेतूने विचारत नाही, पण उद्या हे काम आपल्याच गळ्यात पडेल.

बी-३०२ :
सांभाळायचे कोणी म्हटले नाही. कळवायचे म्हटले आहे. अर्जाखाली पंधरा सह्या असल्या तर नगरसेवकांनाही तो पुढे न्यावा लागतो. महापालिकेत अठ्ठावन्न प्रभाग आहेत. आपल्या प्रभागातून निदान एक अर्ज तरी नोंदला जावा. आणि विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात सुवर्ण विधानसौधकडे जाणाऱ्या रस्त्यांवरचे खड्डे दोन दिवसांत बुजतात, हे आपण दर डिसेंबरला पाहतो. मंत्री शहरात असताना दिलेल्या अर्जाची दखल अंमळ लवकर घेतली जाते, हे सांगायला मला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही.

ए-१०४ :
मी गावाकडच्या कामानिमित्त वॉचमनच्या पत्नीशी बोलते, म्हणून काही गोष्टी सांगते. त्यांचे रेशन कार्ड सौंदत्तीचे आहे, त्यामुळे इथे धान्य मिळणार नाही अशी त्यांची समजूत आहे. प्रत्यक्षात राज्यातील कोणत्याही रास्त भाव दुकानात बोटाचा ठसा देऊन ते घेता येते. मुलगी चार वर्षांची आहे, म्हणजे तिला अंगणवाडीत घातले तर दुपारचे गरम जेवण आणि दूध तेथेच मिळेल. मी सोमवारी दोघींना घेऊन जाते. गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार मात्र त्यांच्या सासूच्या नावे येतात, कारण कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचेच नाव आहे. त्यात आपण पडू नये, तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे.

बी-१०३ :
ए-१०४, तुम्ही हे काम अंगावर घेतले हे फार बरे केले. ज्येष्ठांसाठीही एक गोष्ट येथेच नोंदवते. इमारतीत एकटे राहणारे पाच ज्येष्ठ आहेत. १४५६७ ही त्यांच्यासाठीची मोफत मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. पेन्शनर मंडळींपैकी ज्यांनी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला दिलेला नाही, त्यांनी आता तरी टाळू नये. थंडीत बँकेत रांगेत उभे राहणे नको असेल, तर पोस्टमन सत्तर रुपये घेऊन घरी येऊन अंगठ्याच्या ठशावर तो ऑनलाइन करून देतो. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाचे दोन निवृत्त कर्मचारी राहतात. त्यांनी आपल्या कोषागाराला हा डिजिटल दाखला चालतो का, याची खात्री करून घ्यावी. गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांची पेन्शन दोन महिने अडली होती.

सचिव (बी-२०२) :
चर्चा ज्या पद्धतीने झाली त्याबद्दल सर्वांचे आभार. समितीच्या चार सदस्यांशी बोलून ठरले ते असे. खोलीची चौथी बाजू येत्या रविवारपर्यंत सिमेंटच्या पत्र्याने बंद होईल, दार व वरचा झरोका बसेल आणि खर्च दुरुस्ती निधीतून होईल. तोपर्यंत रात्री कुटुंबाने तळमजल्यावरील सभागृहात झोपावे, चावी त्यांच्याकडे दिली आहे. कोळशाची शेगडी कोणीही देऊ नये. जिन्याखाली कचरा ठेवणाऱ्या घरांची नावे येथे लिहिणार नाही, पण सोमवारनंतर पुन्हा आढळला तर लिहीन. बेघर निवाऱ्यासंबंधीच्या अर्जाच्या दोन्ही प्रती उद्या संध्याकाळी सहा वाजता सभागृहात सहीसाठी ठेवल्या जातील. शुक्रवारी बी-३०२ आणि ए-२०३ त्या महापालिकेत देऊन पोच घेऊन येतील आणि पोचेचा फोटो येथे टाकतील. ए-२०३ यांनी पाहिलेल्या वृद्ध बाईंसाठी मात्र अर्जाची वाट पाहता येणार नाही. त्यांची प्रकृती बिघडलेली दिसली तर १०८ वर आणि अन्य अडचण असल्यास ११२ वर लगेच कळवावे. दिवसा त्यांच्या हाती दहा रुपये दिले तरी इंदिरा कॅन्टीनमध्ये त्यांना गरम जेवण मिळते, पाच रुपयांत नाष्टा मिळतो.

ए-१०१ :
मी दोन दिवस मोबाइल हातात घेतला नव्हता, सूनबाईंनी सगळे वाचून दाखवले. धुराचा त्रास मला झाला हे खरे, पण त्या पोराला कोणी बोलू नये. तो मला रुग्णवाहिकेपर्यंत हाताला धरून घेऊन गेला आणि परत येईपर्यंत फाटकाशी जागा होता. खानापूरला आमच्या जुन्या घरी दोन घोंगडी आणि आईच्या हातची एक वाकळ पडून आहे. धाकटा मुलगा शनिवारी आणणार आहे. वाकळ त्या मुलीसाठी, घोंगडी रेल्वे गेटजवळच्या माणसांसाठी. ए-२०३ मधील तरुणाने ती शनिवारी रात्री माझ्याकडून घेऊन जावी, कितीही उशीर झाला तरी चालेल, मी खोकत जागाच असतो. अर्जावर सहीसाठी मला खाली यायला जमणार नाही. कागद वर आणावा, मात्र दुपारी दोन ते चार दरम्यान बेल वाजवू नये.