लवंग: उष्ण की थंड?

एकांनी लिहिलंय की लवंग दातदुखीवर चांगली, पण उष्णच, पित्तवाल्यांनी लांब राहावं. गंमत म्हणजे १६व्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिला चक्क 'हिम', म्हणजे थंड म्हटलंय आणि कफपित्तावरच सांगितलंय! जिभेला चटका बसला की आपण उष्ण ठरवून मोकळे.

दातदुखीचा मुद्दा मात्र पटला. ती नुसती आजीबाईच्या बटव्यातली समजूत नव्हे. लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं, ते तेवढी जागा बधिर करतं. झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीत ते कालवलं की घट्ट होत जाणारा लगदा तयार होतो. दंतवैद्य १९व्या शतकापासून तो तात्पुरत्या भरणासाठी वापरत आलेत. दाताच्या दवाखान्यात शिरताच जो 'तो' वास येतो ना, तो बहुतेक याचाच.

चीनमध्ये हान घराण्याच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, दरबारी मंडळी सम्राटापुढे बोलण्याआधी तोंडात लवंग धरत. मुखदुर्गंधीवरचा शाही उपाय!

पण तेल थेट हिरडीवर ओतू नका. मी एकदा घाईत तसं केलं, दुखणं थांबलं पण गाल आतून दोन दिवस सोललेला. बोळ्यावर एखादाच थेंब, तोही साध्या तेलात मिसळून. लहान मुलांना तर नकोच.