पावसाळ्यात ग्रो टेंटमधली ह्युमिडिटी ८५ च्या खाली येतच नाही, तुम्ही लोक काय करता?

घोडबंदर_सतरावा_मजला
नमस्कार मंडळी, घोडबंदर रोडला राहतो, बाल्कनी उत्तरेला त्यामुळे ऊन शून्य, म्हणून बेडरूमच्या कोपऱ्यात घरात झाडं वाढवायचा ४ बाय २ फुटाचा बंद टेंट लावलाय. १५० वॅटचा एलईडी, वर ४ इंची एक्झॉस्ट, आत क्लिपवाला छोटा फॅन. चेरी टोमॅटो, बेसिल आणि थोडं लेट्यूस आहे. मेपर्यंत सगळं छान चाललं होतं, जून लागला आणि वाट लागली. लाइट चालू असताना मीटर ८५ दाखवतो आणि रात्री लाइट बंद झाला की ९२-९३, सकाळी टेंटच्या भिंतीला हात लावला तर ओला. टोमॅटोची फुलं गळतायत, बेसिलच्या पानांवर वरून पिवळे पट्टे आणि खालून करडी बुरशी. यूट्यूबवर सगळे सांगतात ४५ टक्क्यांवर ठेवा, आता ठाण्यात जुलैत ४५ कुठून आणू? डिह्युमिडिफायर घ्यावा तर तो टेंटच्या आत ठेवायचा का बाहेर? आणि हिवाळ्यात परत उलटं होतं, दुपारी ३५ पर्यंत उतरतं, मग तेव्हा ह्युमिडिफायर घ्यायचा का? एकच उपाय बारा महिने चालेल असं काही आहे का?

कळवा_कट्टा
वाटीत खडेमीठ ठेव दोन-तीन ठिकाणी, ओलावा ओढून घेतं. आमच्याकडे कपाटात ठेवतात.

नेरूळचा_निफाडकर
मिठाचं राहू द्या भाऊ. साधं मीठ हवेतला ओलावा खेचतं ते ७५ टक्क्यांच्या वर, आणि बंद कपाटात ठीक आहे, इथे झाडं रोज लिटरभर पाणी पितात आणि ते जवळपास सगळं पानांतून हवेत सोडतात, वाटीभर मीठ काय करणार. पण मिठाचा एक खरा उपयोग आहे, मीटर तपासायला. झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं करा, मीटरसोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ७५ दाखवायला हवा. स्वस्तातले मीटर पाच-सात टक्के सहज इकडेतिकडे असतात, ८५ वाटतंय ते ७८ पण असेल.

आता मुख्य मुद्दा, तो ४५ चा आकडा विसरा. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतल्या गांजा लावणाऱ्यांचे आहेत, तिथे काही राज्यांत घरी लावायला परवानगी आहे. त्या झाडाचा फुलोरा गच्च असतो, आतून बुरशीने सडतो, म्हणून फुलोऱ्यात ते लोक ४०-५० धरतात. आपल्याकडे ते रोप लावणं एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा १९८५ खाली गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा टेंट त्यांचा घ्या, झाड घेऊ नका 😄 टोमॅटोला ६०-७० पुष्कळ झालं, लेट्यूसला तर त्याहून थोडं जास्तही चालतं.

आणि नुसता टक्का बघून काही कळत नाही, तापमान सोबत बघा. २९ डिग्रीला ७० टक्के असेल तर हवा पानातून पाणी जेवढ्या जोराने ओढते त्याच्या दोन तृतीयांशच ती २२ डिग्रीला त्याच ७० टक्क्यांवर ओढते. यालाच ते लोक व्हीपीडी म्हणतात. टोमॅटोला साधारण १ ते १.३ किलोपास्कल पकडा, रोपं लहान असतील तर त्याच्या निम्मं. चार्ट नेटवर मिळतो, फिजिक्स सगळ्या झाडांना सारखंच.

तुमचा प्रॉब्लेम दिवसाचा नाहीच, रात्रीचा आहे. लाइट बंद झाला की टेंट थंड होतो, पाणी हवेत तेवढंच राहतं, म्हणून टक्का वर जातो आणि भिंतीला दव धरतं. बेसिलवर जे आलंय तो डाऊनी नावाचा बुरशीसारखा रोग, द्राक्षात आम्ही केवडा म्हणतो, तो अशा ओल्या रात्रींवरच जगतो. पांढरी पावडर असती तर भुरी, तिला पान ओलं लागत पण नाही. दोन्ही वेगळे, औषधं वेगळी. ती पानं काढून पिशवीत बांधून टाका, आणि कृपा करून बेडरूममध्ये गंधक वगैरे फवारू नका.

खारघर_हिलसाइड
निफाडकर दादांनी बरोबर सांगितलंय, मी खर्चाचं बोलते. आधी फुकटातलं करा. पाणी लाइट लागतो त्या वेळेला घाला, संध्याकाळी अजिबात नाही. ट्रेमध्ये साचलेलं लगेच काढा, मातीवर कोकोपीटचा सुका थर द्या, खालची जुनी पानं छाटा. लाइट रात्री चालू आणि दिवसा बंद असं उलटं करून बघा, म्हणजे रात्रीच्या गारव्यात लाइटची गरमी कामी येते आणि आतला अंधार दिवसा येतो तेव्हा खोली गरमच असते. क्लिप फॅन २४ तास चालू ठेवा, खास करून अंधारात.

एक्झॉस्टचं मात्र नीट समजून घ्या. जुलैत बाहेर २८ डिग्री आणि ९० टक्के असतं. तीच हवा टेंटमध्ये ३२ ला गरम झाली की ७१-७२ होते, म्हणजे लाइट चालू असताना एक्झॉस्ट मदत करतो. लाइट बंद झाल्यावर आत-बाहेर सारखंच, मग तो फक्त बाहेरचा ओलावा आत ओढत बसतो. म्हणून खिडकी बंद, खोली कोरडी करायची आणि खोलीतली हवा टेंटला द्यायची. डिह्युमिडिफायर टेंटच्या बाहेर, खोलीत. आत ठेवलात तर तो स्वतःची गरमी तिथेच सोडतो आणि ४ बाय २ मध्ये झाडं शिजतात.

घ्यायचाच असेल तर कॉम्प्रेसरवाला. ते दोन-अडीच हजारवाले छोटे बिनकॉम्प्रेसरचे पेल्टियर दिवसाला पेलाभर पाणी काढतात, पैसे पाण्यात, अक्षरशः. २५० वॅटचा १२ तास चालला तर रोज ३ युनिट, महिन्याला ९०, महावितरणचा स्लॅब बदलतो का ते आधी बघा.

कळवा_कट्टा
मग एसी ड्राय मोडवर नाही चालणार का? घरात आहेच ना.

खारघर_हिलसाइड
चालतो, पण आपल्या पावसाळ्यात लफडं आहे. बाहेरच २७ असतं, एसी २६-२७ ला लावला की कॉम्प्रेसर जेमतेम चालतो आणि कॉइल थंड झाली नाही तर ओलावा निघत नाही. वर पंखा चालूच राहिला तर कॉइलवरचं पाणी परत खोलीत. २३-२४ ला लावला तर कोरडं होतं पण खोली गारठते. तुम्ही तिथे झोपता म्हणून चालवणारच असाल तर उत्तम, फक्त झाडांसाठी नको.

नेरूळचा_निफाडकर
फुलगळीचं राहिलं. ८० च्या वर टोमॅटोचे परागकण चिकटून गोळे होतात, सुटत नाहीत. दुपारी, टक्का सगळ्यात कमी असेल तेव्हा, फुलाच्या देठाला इलेक्ट्रिक टूथब्रश दोन सेकंद लावा. शिवाय रात्री २४-२५ च्या वर असेल तर फळ धरायला त्रासच, ते आपल्या हवेचं आहे, त्यात तुमची चूक नाही. लेट्यूसच्या पानांच्या कडा करपत असतील तर खत वाढवू नका, दमट हवेत झाड पाणी ओढत नाही म्हणून कॅल्शियम कोवळ्या पानापर्यंत पोचत नाही.

हिवाळ्यात ह्युमिडिफायर घेऊ नका. एक्झॉस्टचा स्पीड कमी केला, झाडं दाटीने ठेवली की झाडंच ५०-५५ करून देतात. तेव्हा लक्ष लाल कोळीवर ठेवायचं, पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळं. कोरड्या हवेत तो भराभर वाढतो. आणि बारा महिन्यांचा एक उपाय म्हणाल तर नाही, इथे ऑक्टोबरातच एका दिवसात सकाळी ९० आणि दुपारी ४५ होतं. हायग्रोस्टॅट, म्हणजे ओलाव्यानुसार आपोआप चालू-बंद करणारा स्विच घ्या, एक्झॉस्ट आणि डिह्युमिडिफायर दोन्ही त्यावर लावा, नाहीतर ऑफिसात बसून मीटरचा विचार करत बसाल.

घोडबंदर_सतरावा_मजला
खूप आभार दोघांचे. मिठाची टेस्ट केली, माझा मीटर ८१ दाखवतोय, म्हणजे सहा जास्त! रात्रीचे ९२ म्हणजे खरे ८६ च्या आसपास, तरी वाईटच. बेसिल काढून टाकलं, लाइट आजपासून रात्रीचा. पलंगाच्या बाजूला मात्र काळा पडदा लावावा लागणार नाहीतर बायको मला टेंटमध्ये झोपवेल. डिह्युमिडिफायर कॉम्प्रेसरवालाच बघतोय. एक विचारायचं राहिलं, त्याच्या टाकीतलं पाणी झाडांना घालू का, शुद्धच असतं ना?

खारघर_हिलसाइड
क्षार नसतात त्यात पण कॉइलवरची धूळ, बुरशी, धातूचे अंश येऊ शकतात. मनी प्लँटला घाला, फरशी पुसा. लेट्यूसला नको, कच्चं खाणार आहात.